स्ट्रॅट-ओ-मॅटिक बेसबॉल : पिचरच्या कार्डावरचे तीस मणी

कार्डांच्या या बेसबॉलमध्ये पहिल्या मोसमात माझी टीम आठांत आठवी आली, आणि माझ्याकडे ड्वाइट गुडन हा पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) होता. तोही १९८५ चा गुडन. २४ विजय, ४ पराभव, ई.आर.ए. (नऊ इनिंगमागं पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा) १.५३, वय वर्षं वीस. ड्राफ्टला, म्हणजे पाळीपाळीनं खेळाडू निवडायला, माझी चिठ्ठी दुसरी निघाली होती. पहिल्या गृहस्थांनी रिकी हेंडरसन उचलला आणि मी जवळजवळ ओरडूनच गुडनचं नाव घेतलं. घरी येताना गाडीत एकटीच हसत होते. वाटलं, आता काय, मोसम खिशात.

जूनपर्यंत हसू मावळलं. गुडन पाचव्या दिवशी यायचा, सहा इनिंग झकास टाकायचा आणि मग एका साध्या ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या चेंडूवर) दोन धावा जायच्या. एकदा, दोनदा, दहादा. मी फाशांना शिव्या घालायची. चूक फाशांची नव्हती हे कळायला मला अख्खा मोसम लागला, आणि ते कळलं म्हणूनच या खेळाबद्दल लिहायला बसले आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा कार्डं आणि फासे यांवर चालणारा बेसबॉलचा खेळ. हॅल रिचमन नावाच्या माणसानं तो १९६१ मध्ये बाजारात आणला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ग्लेन हेड नावाचं गाव आहे, कंपनी तिथली. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, आणि त्या कार्डावर त्याचा एका विशिष्ट वर्षाचा खेळ आकड्यांत उतरवलेला. १९८५ चा पीट रोझ वेगळा, १९७५ चा वेगळा. कार्डावर फोटोबिटो काही नाही. तीन रकाने, प्रत्येक रकान्यात २ ते १२ अशा ओळी. तीन फासे टाकायचे. पांढऱ्यावर १, २, ३ आले तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४, ५, ६ आले तर पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे ओळ. तिथं ‘होमरन’ (आपल्याकडचा षटकार) लिहिलं असेल तर होमरन, ‘स्ट्राइकआउट’ असेल तर चला घरी. काही ओळींत निकाल दोन भागांत वाटलेला असतो, तेव्हा वीस आकड्यांचं तिकीट काढायचं किंवा वीस बाजूंचा फासा टाकायचा.

दोन फाशांच्या छत्तीस जोड्या, रकाने तीन. म्हणजे प्रत्येक कार्डावर १०८ शक्यता. मुलानं हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मला आजीची जपमाळ आठवली. गंमत अशी की बेसबॉलच्या चेंडूवर दुहेरी टाकेही १०८ च असतात. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “ते असू दे. घरात फासे कशाला आणलेस? मामाभाच्यांचं काय झालं माहितीये ना?” नवरा अजूनही मंगळवारी संध्याकाळी मी पेटी काढली की “शकुनीमामा निघाले का?” असं विचारतो.

मी मूळची मिरजेची. शाळेत मागच्या बाकावर पुस्तक उघडून क्रिकेट खेळायचो. डाव्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आलं की आउट. आमच्या वर्गातली एक मुलगी भूगोलाचं पुस्तक बरोबर अठ्ठावन्नाव्या पानावर उघडायची, तिच्याशी कुणी खेळत नसे. तेव्हा गावसकर आणि चेतन शर्मा यांच्यात पुस्तकाला काही फरक कळायचा नाही. स्ट्रॅट-ओ-मॅटिकला तो कळतो. आता एडिसनला, न्यू जर्सीत, एका कंपनीचे पगाराचे हिशेब करते. मुलगा कॉलेजला गेला, त्याचा खेळ घरी राहिला आणि गावच्या लायब्ररीच्या तळघरात दर मंगळवारी जमणाऱ्या लीगमध्ये त्याची रिकामी खुर्ची मला मिळाली. आठ जण. निवृत्त पोस्टमन, एक दंतवैद्य, दोन भाऊ, बाकीचे असेच. बाई मी एकटीच, आणि क्रिकेटवालीही मी एकटीच.

आम्ही १९८५ चा मोसम खेळतो. त्या वर्षी मेजर लीगमध्ये सव्वीस टीम होत्या, आम्ही आठ. प्रत्येकानं पंचवीस खेळाडू निवडायचे. ड्राफ्ट सापासारखा जातो, म्हणजे एक ते आठ आणि मग आठ ते एक. पुढं प्रत्येकाशी बारा सामने, एकूण ८४. हे सामने कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत होतात. तिच्यात पोटनियम जास्त आहेत आणि हिशेब तीच करते. अंतिम फेरी मात्र रीत म्हणून टेबलावर, कार्डं आणि फासे घेऊन. माझ्याकडची कार्डांची पेटी मी एका गराज सेलमध्ये घेतली. घरी येऊन मोजली तर अकरा कार्डं गायब, आणि दोन १९८४ ची घुसलेली. जुनी पेटी घेणार असाल तर तिथंच मोजून घ्या, लाजू नका.

आता गुडन. पिचरच्या प्रगत, म्हणजे जास्त नियमांच्या, कार्डावर काही ओळींपुढं एक्स असतो. म्हणजे चेंडू अमुक क्षेत्ररक्षकाकडे गेला, पुढं काय झालं ते त्या क्षेत्ररक्षकाच्या दर्जावरून ठरवा. दर्जा १ ते ५, एक उत्तम. हे एक्स १०८ पैकी तीस असतात. शॉर्टस्टॉपचे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) ७, सेकंड बेसचे ६, सेंटर फील्ड, थर्ड बेस आणि कॅचर यांचे तीन-तीन, फर्स्ट बेस, लेफ्ट, राइट आणि खुद्द पिचर यांचे दोन-दोन. आणि हे तीस एक्स सगळ्या पिचरांना सारखेच. दहाव्या फेरीत उरलेल्या कुठल्याशा पाप्याच्या पितरालाही तीस, गुडनलाही तीस. म्हणजे पिचरच्या कार्डाचा चौथ्याहून जास्त हिस्सा पिचरचा नसतोच! तो त्याच्या पाठीमागं उभ्या असलेल्यांचा असतो. मी दुसऱ्या क्रमांकावर गुडन घेतला आणि शेवटून तिसऱ्या फेरीत शॉर्टस्टॉप घेतला, दर्जा ४. सोन्याचं कुलूप आणि दाराला कडी नाही.

हिशेबाची सवय म्हणून वही काढली. एका सामन्यात एका टीमसमोर साधारण ३८ बॅटर येतात. ८४ सामन्यांचे झाले ३,२०० च्या आसपास, त्यातले निम्मे पिचरच्या कार्डावर. त्यात शॉर्टस्टॉपच्या सात मण्यांना मोसमात शंभरेक चेंडू येतात. या शंभर चेंडूंवर एक दर्जाचा माणूस आणि चार दर्जाचा माणूस यांत किती हिट आणि किती डबल प्ले (एका चेंडूवर दोन आउट) यांचा फरक पडतो, ते तक्त्यावर बोट ठेवून मोजलं आणि गप्प बसले. त्यात सेकंड बेस आणि सेंटर फील्ड मिळवा. मैदानाचा मधला कणा म्हणतात तो हाच, तीसपैकी सोळा, कॅचर धरून एकोणीस.

दुसऱ्या वर्षी माझा क्रमांक सहावा होता. हेंडरसन, गुडन, बॉग्ज, ब्रेट, ग्वेरेरो असे पाच गेले. मी टिम रेन्स घेतला. फिरून माझी पाळी अकरावी, आणि मी ओझी स्मिथ म्हटलं. दंतवैद्यांनी चष्म्यावरून बघितलं. त्या वर्षी ओझीची बॅटिंग सरासरी ०.२७६ आणि होमरन सहा, असा माणूस दुसऱ्या फेरीत? पोस्टमनआजोबा मात्र हसले नाहीत. ते मूळचे सेंट लुइसचे, त्यांना ओझी तिसऱ्या फेरीत आपल्याकडे येणार याची खात्री होती. (१९८५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात पहिल्या बेसवर पंच डॉन डेंकिंजर यांनी कान्सास सिटीच्या होर्हे ओर्टाला चुकून सेफ (नाबाद) दिलं, आणि पुढं सेंट लुइसला हरवून कान्सास सिटी जिंकली. तो विषय आजोबांसमोर काढू नये. मी एकदा काढला, लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली.)

मग पाचव्या फेरीत लू व्हिटेकर, त्या वर्षीचा गोल्ड ग्लव्हवाला (उत्तम क्षेत्ररक्षणाचं बक्षीस) सेकंड बेसमन, शिवाय २१ होमरन. सेंटर फील्डला तर चौदाव्या फेरीत गॅरी पेटिस मिळाला. होमरन एक. एकच! पण त्यालाही गोल्ड ग्लव्ह, आणि ५६ चोऱ्या (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेले पुढचे बेस). बॅटचे आकडे बघून निवडणाऱ्यांना असा माणूस दिसतच नाही, तो तळाशी पडून असतो. आठांच्या लीगमध्ये बॅटर सगळ्यांकडेच चांगले असतात, कारण सव्वीस टीममधले आठ टीमपुरतेच उचलायचे. तुटवडा कशाचा ते आधी बघायचं. फर्स्ट बेसला बारा चांगले आहेत, शॉर्टस्टॉपला चार. भाजीला गेल्यावर मी आधी कोथिंबीर बघते, बटाटे कधीही मिळतात. हेच.

चोरीबद्दल थोडं. पहिल्या मोसमात मी व्हिन्स कोलमनवर भाळले होते. पहिल्याच वर्षी ११० बेस चोरलेला पोरगा, त्याला सलामीला पाठवायचं नाही तर कुणाला? त्याची ऑन-बेस सरासरी, म्हणजे तो कितपत बेसवर पोचतो तो आकडा, मी बघितलीच नव्हती. ०.३२०. दाराच्या आत शिरल्याशिवाय चोरी कसली करणार? रेन्सच्या चोऱ्या ७०, पण ऑन-बेस ०.४०५, आणि पकडला गेला फक्त नऊ वेळा. कोलमन पंचवीस वेळा पकडला गेला होता. पकडलं जाणं म्हणजे नुसती धाव जाणं नव्हे, सत्तावीसांतला एक आउट फुकट जातो. पगारपत्रकात असते तशी ही वजाबाकी, नावापुढच्या मोठ्या रकमेवर कुणी भुलू नये म्हणून खाली छापलेली.

आता माझी आवडती खरेदी. १९८५ च्या ११ सप्टेंबरला पीट रोझनं टाय कॉबचा हिट्सचा विक्रम मोडला, ४,१९२ वी हिट. त्या वर्षी तो चव्वेचाळीस वर्षांचा, सरासरी ०.२६४, होमरन दोन. ड्राफ्टला त्याचं नाव निघालं की सगळे हसतात, नुसतं नाव राहिलंय म्हणून. पण त्यानं ८६ वॉक (चार वाईट चेंडूंनंतर फुकट मिळणारा पहिला बेस) घेतले होते आणि ऑन-बेस होती ०.३९५. शिवाय सिनसिनाटीत तो मुख्यतः उजव्या हाताच्या पिचरसमोर खेळायचा. डावा पिचर आला की त्याच्या जागी टोनी पेरेझ, वय त्रेचाळीस, सरासरी ०.३२८. आमच्या लीगचा नियम असा की खेळाडू खऱ्या मोसमात जितका खेळला त्याच प्रमाणात वापरायचा, नाहीतर महिनाभर खेळून चमकलेल्या पोरांना सगळे रोज उतरवतील. रोझचे ४०५ ॲट-बॅट आणि पेरेझचे १८३, मिळून ५८८. म्हणजे एक अख्खा फर्स्ट बेसमन! मी हे दोन म्हातारे विसाव्या आणि बाविसाव्या फेरीत घेतले. प्रगत कार्डावर बॅटरचे डाव्या पिचरसाठी वेगळे आणि उजव्यासाठी वेगळे रकाने असतात, जोडी जुळवायची ती त्यावरून. पोस्टमनआजोबांकडे जॉन ट्यूडर होता, डावा, २१ विजय, ई.आर.ए. १.९३, दहा शटआउट (समोरच्यांना एकही धाव नाही). ट्यूडरसमोर पेरेझ उतरवला की आजोबा पेन्सिल खाली ठेवायचे.

उरलं मैदान. कॉम्प्युटरच्या आवृत्तीत प्रत्येक मैदानाचे आकडे असतात. होमरन आणि सिंगल यांचे, तेही डाव्या आणि उजव्या बॅटरला वेगवेगळे. पहिल्या वर्षी मी बॉस्टनचं फेनवे पार्क घेतलं, कारण मुलाबरोबर तिथं एकदा गेले होते आणि ती हिरवी भिंत आवडली होती. पाहुण्यांनाही आवडली. या खेपेला ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम घेतलं. त्या काळी तिथं होमरन मारणं म्हणजे पाटणकर वाड्याच्या अंगणातून विटी रस्त्यापलीकडे मारण्यासारखं. माझे खेळाडू तसेही होमरन मारत नव्हते, मग पाहुण्यांनी तरी का मारावेत? पण याची किंमत मोजावी लागली. डॅरल ईव्हान्स माझ्या पाळीला उपलब्ध होता. अडतिसाव्या वर्षी ४० होमरन, अमेरिकन लीगमध्ये पहिला, आणि सरासरी ०.२४८ म्हणून लोक त्याला सोडत होते. मला त्याचे वॉकही हवे होते. तरी सोडला. डोममध्ये त्याच्या निम्म्या होमरनांचे झेल झाले असते. दोघा भावांपैकी धाकट्यानं तो घेतला आणि मोसमभर मला त्याचा स्कोर मेसेज करत राहिला.

बुलपेनला, म्हणजे नंतर उतरणाऱ्या पिचरांत (रिलीव्हर), मी एकच मोठा माणूस घेतला, डॅन क्विझनबेरी, खालून हात फिरवून टाकणारा, त्या वर्षी ३७ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने). बाकीचे रिलीव्हर शेवटच्या फेऱ्यांत, नावं न बघता.

मोसम संपला तेव्हा ५१ विजय, ३३ पराभव. दुसरा क्रमांक, आजोबांच्या खालोखाल.

घ्यावा का हा खेळ? ज्याला बेसबॉल ओ की ठो कळत नाही त्यानं आधी उन्हाळाभर सामने बघावेत, कारण पेटी तुम्हाला बेसबॉल शिकवत नाही, तो येतो असं धरून चालते. मूळ सोपा खेळ दहा मिनिटांत येतो, लहान मुलांबरोबर तोच खेळा. प्रगत नियमांना दोन रविवार द्या आणि चहा जवळ ठेवा. कॉम्प्युटरच्या आवृत्तीत चित्रं, गर्दीचे चीत्कार असं काही मिळेल या आशेनं जाऊ नका. आकडे आणि रकाने, बस. मला हिशेबाच्या वहीत करमतं म्हणून मला ते रुचतं, मुलाला टेबलावरचे फासेच प्रिय. एकट्यानंही खेळता येतं, दोन्ही बाजूंनी आपणच. मार्चमधल्या बर्फाच्या आठवड्यात मी रेन्सविरुद्ध गुडन असे तीस सामने एकटीनं खेळले, नवऱ्याला सांगितलं कर भरत्येय म्हणून. ऑनलाइनही एक प्रकार आहे, त्यात पगाराची मर्यादा सांभाळून टीम जमवावी लागते. दिवसभर लोकांचे पगार सांभाळून घरी परत तेच नको, म्हणून तिकडे फिरकले नाही.

एक गोष्ट मनाला लागते ती या पेटीची नव्हे, अशा सगळ्याच ऐतिहासिक लीगची. निकाल आधीच माहीत असतो. १९८५ मध्ये गुडन असा खेळेल हे एप्रिलमध्ये कुणाला ठाऊक होतं? ट्यूडर तर १ विजय, ७ पराभव अशा सुरुवातीनंतर पुढं २० जिंकला आणि एक हरला. मे महिन्यात त्याला टीममध्ये ठेवायला जी छाती लागली असेल ती आपल्याला लागत नाही. आपण फक्त छापील कार्डं लावतो. म्हणून मजा सगळी एका कार्डाशेजारी दुसरं कोणतं बसतं यात आहे, आणि तिथं हा खेळ अजिबात फसवत नाही.

अंतिम फेरी सात सामन्यांची. तीन-तीन झाले. सातवा सामना, तळघर, पिझ्झाचे खोके, नववी इनिंग, मी एका धावेनं पुढं, दोन आउट, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आजोबांचे लोक. क्विझनबेरीच्या वाटच्या इनिंग संपल्या होत्या, म्हणून त्या नावं न बघता घेतलेल्यांतला एक उभा केला. आजोबांनी फासे टाकले. पांढरा ५. पिचरचं कार्ड. बेरीज लावली, ओळीवर बोट ठेवलं. ग्राउंडर, एक्स. मी खुर्चीतून उठलेच, कारण माझ्याकडे ओझी होता, व्हिटेकर होता. आजोबा शांतपणे म्हणाले, “शॉर्टस्टॉप नाही, पिचर आहे.”

१०८ तले ते दोन मणी. माझ्या रिलीव्हरचा क्षेत्ररक्षणाचा दर्जा ४ होता, आणि त्या रकान्याकडे मी मोसमभरात एकदाही बघितलं नव्हतं. वीसचा फासा, मग क्षेत्ररक्षकाची चूक ठरवणारे तीन फासे. चेंडू फर्स्ट बेसच्या डोक्यावरून गेला, टोनी पेरेझ बिचारा त्रेचाळीसाव्या वर्षी उडी तरी किती मारणार. दोन धावा.

पुढचा ड्राफ्ट फेब्रुवारीत आहे. वहीत एक रकाना वाढवलाय.